गाडीचे सगळे भाग इंग्रजीत, तरी गाडीबद्दल इंग्रजीत बोलताना अडते कुठे?

मराठीत गाडीबद्दल बोलायला लागलो की आपण जवळजवळ निम्मे इंग्रजीच बोलत असतो. ब्रेक, क्लच, गिअर, स्टिअरिंग, हॉर्न, टायर, पंक्चर, बॉनेट, बंपर, वायपर, इंडिकेटर, सायलेन्सर हे शब्द शाळेची पायरीही न चढलेल्या माणसाला ठाऊक असतात, आणि त्यांचे अर्थ तो बोट ठेवून दाखवू शकतो. असे असूनही, रस्त्यात बंद पडलेल्या गाडीची तक्रार फोनवरून इंग्रजीत सांगायची वेळ आली की दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकलेला माणूससुद्धा चाचपडू लागतो. 'कार इज क्लोज्ड' म्हणावे, की 'कार स्टॉप्ड' म्हणावे, की 'नॉट स्टार्टिंग' एवढेच म्हणून गप्प बसावे, हे त्याला ठरवता येत नाही. भागांची नावे येतात, बिघाड डोळ्यांसमोर आहे, व्याकरणही अगदीच कच्चे नाही. तरीही वाक्य गाडीसारखेच जागच्या जागी उभे राहते.

याचे कारण आपल्याकडे शब्द कमी आहेत हे नव्हे. आपण शब्द सुटे सुटे शिकलो, आणि इंग्रजीत (खरे तर कोणत्याही भाषेत) शब्द सुटे वावरत नाहीत, हे ते कारण आहे. त्यातच जे इंग्रजी शब्द आपण मराठीत मुरवून घेतले, त्यांचे इंग्रजीतले वागणे वेगळेच राहिले. गाडी हे या दोन्ही गोष्टी समजून घेण्याचे सोयीचे उदाहरण आहे, म्हणून या लेखात तिचाच आधार घेतला आहे.

इंग्रजीत शब्द आहेत किती, आणि लागतात किती?

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात पाच लाखांहून अधिक शब्द आणि शब्दप्रयोग आहेत, हे ऐकल्यावर बहुतेकांचा धीर सुटतो. पण कोश हे गोदाम आहे, आणि रोजचा व्यवहार गोदामातून चालत नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात छापील अमेरिकी इंग्रजीचा सुमारे दहा लाख शब्दांचा मजकूर एकत्र करून मोजला गेला, तेव्हा एकट्या 'द' या शब्दाने त्यातील जवळजवळ सात टक्के जागा व्यापलेली आढळली, आणि अवघ्या १३५ शब्दांत निम्मा मजकूर संपला. मायकल वेस्ट यांनी १९५३ मध्ये शिकणाऱ्यांसाठी प्रसिद्ध केलेली यादी सुमारे दोन हजार शब्दांची होती. त्याआधी, १९३० मध्ये, सी. के. ऑग्डेन यांनी तर ८५० शब्दांत सगळे काम भागवणारे 'बेसिक इंग्लिश' मांडले होते.

पुढची पायरी मात्र उंच आहे. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये असा हिशेब मांडला की, कोशाची मदत न घेता कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायचे तर आठ ते नऊ हजार, आणि बोललेले समजायचे तर सहा ते सात हजार शब्दकुले ठाऊक असावी लागतात. शब्दकुल म्हणजे एका मूळ शब्दाचे सगळे गोत: 'ड्राइव्ह', 'ड्रोव्ह', 'ड्रिव्हन', 'ड्रायव्हिंग' आणि 'ड्रायव्हर' ही सगळी मंडळी एकाच कुलातली.

या आकड्यांत एक गंमत आहे, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ज्या शे-दीडशे शब्दांनी निम्मी भाषा व्यापली आहे, ते 'इन', 'ऑन', 'अप', 'आउट', 'ऑफ', 'गेट', 'टेक' असे चिल्लर शब्द आहेत. पहिल्या इयत्तेत शिकलो म्हणून ते आले असे आपण धरून चालतो आणि वहीत अवघड, लांबलचक शब्द उतरवत बसतो. पण ऑक्सफर्ड कोशाच्या संपादकांनी 'रन' या तीन अक्षरी क्रियापदाचा नव्याने आढावा घेतला, तेव्हा त्याच्या अर्थच्छटा ६४५ भरल्या. इंजिन चालू असते तेही 'रन', पेट्रोल संपते तेही 'रन आउट', आणि कोणी गाडीखाली सापडते तेही 'रन ओव्हर'. इंग्रजीचा खरा अवघडपणा लांब शब्दांत कमी आणि या चिल्लरीत जास्त आहे, असे माझे मत आहे.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या

वाण नाही, पण गुण लागला, असे या म्हणीत पुढे येते, आणि शब्दांनाही ते लागू पडते. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून ओळखावा, हा विचार ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५०च्या दशकात मांडला. कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी सवयीने बसतो, या ठरलेल्या सोबतीला या लेखापुरते आपण 'शब्दसंगत' म्हणू.

मराठीत ऊन कडक असते, शिस्त कडक असते, नियम कडक असतात आणि इस्त्रीही कडक असते. हा एकच 'कडक' इंग्रजीत नेता येत नाही. शिस्त आणि नियम 'स्ट्रिक्ट' होतात, आणि उन्हाला वेगळाच शब्द शोधावा लागतो. उलट इंग्रजीत पाऊसही 'हेवी', रहदारीही 'हेवी' आणि पिशवीही 'हेवी'. रहदारी खूप असली म्हणून तिला 'बिग ट्रॅफिक' म्हटले, तर व्याकरणाचा एकही नियम मोडत नाही. तरी ऐकणाऱ्याला ते खटकते, कारण इंग्रजीत ट्रॅफिकने 'बिग'शी सोयरीक केलेलीच नाही. याला 'का' असे विचारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे पाऊस मुसळधार असतो पण वारा मुसळधार का नसतो, याचेही उत्तर कोणी देत नाही.

संगतीचा सगळ्यात चिवट प्रकार म्हणजे क्रियापदाला चिकटणारा छोटा शब्द. इंग्रजीत याला 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात, आणि ते शिकणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या घालतात. आपल्याला त्याचे नवल वाटायला नको, कारण असला खेळ मराठीत आपण रोज करतो. 'बोलून टाकले', 'बोलून गेला', 'बोलून बसला' आणि 'बोलून दाखवले' यांत बोलणे एकच आहे. पण पहिल्यात मन मोकळे झाले, दुसऱ्यात सहज तोंडून निघाले, तिसऱ्यात नको ते बोलले गेले, आणि चौथ्यात मनातले मुद्दाम ऐकवले. हे परभाषकाला नियमाने समजावता येत नाही. ऐकून ऐकूनच अंगवळणी पडते. आपण जो बदल दुसऱ्या क्रियापदाने घडवतो, तो इंग्रजी 'अप', 'डाउन', 'इन', 'आउट' यांनी घडवते. 'ब्रेक डाउन' म्हणजे गाडी बंद पडणे, 'ब्रेक इन' म्हणजे कुलूप फोडून शिरणे, 'ब्रेक अप' म्हणजे संबंध तुटणे, आणि 'ब्रेक आउट' म्हणजे साथ किंवा आग अचानक भडकणे. (थांबवणारा 'ब्रेक' उच्चाराने असाच असला तरी त्याचे स्पेलिंग वेगळे आहे.)

म्हणून रस्त्यात उभ्या असलेल्या त्या माणसाला 'ब्रेक' हा शब्द माहीत असून उपयोग होत नाही. 'माय कार हॅज ब्रोकन डाउन' एवढा तुकडा अख्खा माहीत असावा लागतो. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा घडते, तसा 'डाउन' आपोआप बरोबर आला पाहिजे. गाडी सुरूच होत नसेल तर 'इट वोन्ट स्टार्ट' म्हणतात. 'गाडी ऐकायलाच तयार नाही' असे आपण वैतागून म्हणतो, तसाच मनुष्यस्वभाव इंग्रजीने इथे गाडीला बहाल केला आहे. चालता चालता गचका खाऊन इंजिन बंद पडले तर 'इट स्टॉल्ड'. इंजिन तापले तर 'इट इज ओव्हरहीटिंग'. गाडी ओढून न्यायची असेल तर 'टो', आणि धक्का मारायचा असेल तर 'गिव्ह इट अ पुश'. 'पुल' या एका क्रियापदावर तर बरीच रहदारी चालते: कडेला घेऊन थांबणे 'पुल ओव्हर', दारापाशी येऊन थांबणे 'पुल अप', आणि थांबलेल्या जागेवरून निघून रहदारीत शिरणे 'पुल आउट'.

आपले उसने शब्द: ओळखीचे, पण बदललेले

आता दुसरी अडचण पाहू. पहिलीपेक्षा ती जास्त फसवी आहे, कारण तिथे आपण चुकतो आहोत हे आपल्याला कळतही नाही.

'स्टेपनी'चे उदाहरण घ्या. जादा चाकाला आपण बिनदिक्कत स्टेपनी म्हणतो आणि तो शब्द इंग्रजी आहे याबद्दल आपल्या मनात शंका नसते. वेल्समधील लानेली या गावात १९०४ मध्ये टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी पंक्चर झालेल्या चाकावर बसवता येईल असे आरे नसलेले जादा चाक तयार केले. त्या काळी गाडीबरोबर जादा चाक येत नसे, त्यामुळे ते खूप खपले, आणि कारखाना ज्या स्टेपनी स्ट्रीटवर होता तिचे नाव त्या चाकाला मिळाले. पुढे गाड्यांबरोबरच जादा चाक येऊ लागले, कंपनी मागे पडली आणि इंग्लंडमध्ये शब्द विस्मरणात गेला. आपल्याकडे तो राहिला. माल्टातही तो टिकला आहे. आज इंग्रजीत विचारायचे तर 'स्पेअर व्हील' किंवा 'स्पेअर टायर' म्हणावे लागते. एक सावधगिरी म्हणून सांगतो, एखाद्या माणसाचा 'स्पेअर टायर' म्हटले की इंग्रजीत त्याच्या कमरेभोवतीची चरबी अभिप्रेत असते.

'डिकी'चीही कथा जवळजवळ अशीच आहे. जुन्या मोटारींच्या मागच्या भागात उघडझाप करता येणारी एक जादा बैठक असे, तिला ब्रिटिश इंग्रजीत 'डिकी सीट' म्हणत. बैठक गेली, तिथे सामान ठेवायची जागा झाली, आणि आपण नाव जुनेच चालू ठेवले. इंग्लंडमध्ये आता त्या जागेला 'बूट' आणि अमेरिकेत 'ट्रंक' म्हणतात. पायातला बूट आणि पत्र्याची ट्रंक डोळ्यांपुढे येणाऱ्या मराठी माणसाला 'बॅग बूटमध्ये ठेवा' ही सूचना पहिल्यांदा ऐकताना गोंधळात टाकते, हे मी अनुभवाने सांगतो.

गाडीचे 'ॲव्हरेज' हा असाच खास आपला प्रयोग. 'व्हॉट इज द ॲव्हरेज ऑफ धिस कार?' या प्रश्नाला बाहेरचा माणूस 'कशाची सरासरी?' असे विचारील, कारण 'ॲव्हरेज' म्हणजे नुसती सरासरी. त्यासाठी 'मायलेज' किंवा 'फ्युएल इकॉनॉमी' म्हणतात. त्यातही पेच आहेच. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे गॅलनमागे किती मैल हे सांगतात, पण ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा आणि अमेरिकी गॅलन ३.७९ लिटरचा असल्याने तीच गाडी ब्रिटनमध्ये जास्त काटकसरी भासते. युरोपात तर उलटा हिशेब करून शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात हे सांगतात, म्हणजे तिथे आकडा जितका लहान तितके चांगले.

बाकीच्यांचा थोडक्यात उल्लेख करतो. 'फोर व्हीलर' म्हटल्यावर अमेरिकी माणसाला मोटार न दिसता खडकाळ वाटांवर पळवायची, मोटारसायकलसारखी बसायची चारचाकी दिसते. 'स्पीड ब्रेकर'ला 'स्पीड बंप' म्हणतात. 'पार्किंग' हे आपण जागेचे नाव केले आहे. इंग्रजीत ती क्रिया आहे, आणि जागेला 'कार पार्क' किंवा 'पार्किंग लॉट' म्हणतात. आपले 'गॅरेज' म्हणजे दुरुस्तीची जागा. इंग्रजीत घराला लागून गाडी ठेवायच्या खोलीलाही तोच शब्द आहे, त्यामुळे 'माय कार इज इन द गॅरेज' हे वाक्य बिघाडाचेच असेल असे नाही.

शब्द उसने घेतलेले नसतानाही मराठी क्रियापदे अशीच फसवतात. 'उतरणे' हे आपले एकच क्रियापद गाडीतून उतरायला, बसमधून उतरायला आणि बॅटरी उतरायलाही चालते. इंग्रजीत मोटारीतून 'गेट आउट ऑफ' करतात, बसमधून 'गेट ऑफ' करतात, आणि बॅटरी ब्रिटनमध्ये 'फ्लॅट' तर अमेरिकेत 'डेड' होते. ज्या वाहनात ताठ उभे राहून चालता येते त्याला 'ऑन' आणि 'ऑफ', आणि ज्यात वाकून शिरावे लागते त्याला 'इन' आणि 'आउट', हा ठोकताळा बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतो. सायकल आणि घोडा, ज्यांच्यावर बसावे लागते, तेही 'ऑन' आणि 'ऑफ'मध्येच मोडतात. 'चालवणे' हेही असेच एकटे क्रियापद. मोटार 'ड्राइव्ह' करतात, सायकल 'राइड' करतात आणि विमान 'फ्लाय' करतात. 'मला कोपऱ्यावर सोड' याचे 'लीव्ह मी ॲट द कॉर्नर' असे शब्दशः भाषांतर केले, तर त्यात वाऱ्यावर सोडून जाण्याची करुण छटा येते. तिथे 'ड्रॉप मी ऑफ', आणि न्यायला बोलवायचे असेल तर 'पिक मी अप'.

दोन किनारे, दोन शब्दसंच

इंग्रजी एकच, तर गाडीच्या बाबतीतच ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात एवढा फरक का पडावा, असा प्रश्न इथे येतो. तारखा पाहिल्या की उत्तर मिळते. अमेरिकेने ब्रिटनपासून वेगळे होण्याची घोषणा १७७६ मध्ये केली, आणि कार्ल बेंझ यांनी आपल्या मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला तो २९ जानेवारी १८८६ रोजी. म्हणजे मोटार जन्मली तेव्हा अटलांटिकच्या दोन काठांवरच्या लोकांचे राज्य एकशेदहा वर्षे वेगळे होते, आणि नव्या यंत्राच्या प्रत्येक भागाला दोघांनी आपापल्या घोडागाड्यांच्या आणि घरगुती भाषेतून नावे दिली. त्यामुळे ब्रिटनमध्ये 'बॉनेट' तर अमेरिकेत 'हूड', एकीकडे 'विंडस्क्रीन' तर दुसरीकडे 'विंडशील्ड', 'पेट्रोल' तर 'गॅस', 'नंबर प्लेट' तर 'लायसन्स प्लेट', 'लॉरी' तर 'ट्रक', 'सायलेन्सर' तर 'मफलर'. टायर दोन्हीकडे टायरच. पण ब्रिटिश त्यात वाय घालतात आणि अमेरिकी आय.

शिकणाऱ्याने यांपैकी कोणते धरावे? मराठीत आलेले शब्द बहुतांश ब्रिटिश वळणाचे असल्यामुळे बोलताना तेच ठेवावेत आणि अमेरिकी ओळखता यावेत एवढी तयारी करावी, हे मला सोपे वाटते. 'गॅस संपला' असे कोणी म्हटले की सिलिंडर आठवू नये, एवढे साधले तरी पुरे.

नावामागची गोष्ट

पाठांतराला कंटाळणाऱ्यांसाठी एक आडवाट आहे, आणि ती मला फार आवडते. गाडीच्या बऱ्याच भागांची नावे ही मुळात साध्या, घरगुती गोष्टींची नावे आहेत. 'क्लच' म्हणजे घट्ट पकडणे. इंजिनाकडची फिरती तबकडी आणि चाकांकडची तबकडी यांनी एकमेकींना धरून ठेवणे हेच क्लचचे काम, आणि आपण पाय दाबतो तेव्हा ती पकड सुटते. 'थ्रॉटल' हा घशाशी नाते असलेला शब्द, क्रियापद म्हणून त्याचा अर्थ गळा आवळणे. 'चोक' म्हणजे श्वास कोंडणे, आणि जुन्या गाड्यांमध्ये चोक ओढला की इंजिनाला मिळणारी हवा खरोखरच कमी होत असे. 'पिस्टन'चे मूळ इटालियन भाषेतील मुसळाच्या नावात आहे, आणि उखळात मुसळ चालावे तसाच तो सिलिंडरमध्ये चालतो.

'डॅशबोर्ड' ही घोडागाडीच्या पुढे लावलेली फळी होती. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून ती लावत. घोडा गेला, चिखल अडवायचे काम संपले, आणि फळीवर काटे व दिवे येऊन बसले. 'शोफर' हा फ्रेंच शब्द मुळात भट्टी पेटती ठेवणाऱ्याचा होता, कारण सुरुवातीच्या काही गाड्या वाफेवर चालत. 'टायर' हा 'अटायर', म्हणजे पोशाख, या शब्दाचे छोटे रूप आहे. तो चाकाचा पोशाख. 'बॉनेट' आणि 'हूड' ही दोन्ही डोक्यावर घालायच्या वस्त्रांची नावे, आणि अमेरिकी 'मफलर' तर आपण थंडीत गळ्याला गुंडाळतो तोच, आवाज गुंडाळून ठेवणारा. हे एकदा कळले की 'क्लच' हा शब्द हातातली पिशवी घट्ट धरणाऱ्या माणसाच्या वर्णनात भेटला तरी अडखळायला होत नाही.

रोजची वाक्ये अख्खी उचलावीत

निरोप घेताना मराठी माणूस 'येतो' म्हणतो आणि निघून जातो. त्याचे शब्दशः इंग्रजी केले तर ऐकणारा दाराकडे पाहत बसेल. रोजच्या वापरातली अशी वाक्ये फोडून समजून घ्यायची नसतात, ती नाण्यासारखी अख्खी घ्यायची आणि अख्खी द्यायची असतात. 'हाउ डू यू डू?' याला प्रश्नचिन्ह आहे, पण तो प्रश्न नाही. ओळख करून दिल्यावर म्हणायचा तो औपचारिक नमस्कार आहे आणि त्याचे उत्तर तेच वाक्य परत म्हणणे हे आहे.

सगळ्यात जास्त गफलत विनंतीत होते. मराठीत आदर आणि आर्जव क्रियापदातच असते: 'जरा काच खाली करता का?' यात 'कृपया' कुठेही नाही, तरी विनंती पूर्ण आहे. इंग्रजी क्रियापदाला 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक दाखवता येत नाही, म्हणून ते काम 'कुड यू', 'वुड यू' आणि 'प्लीज' यांच्याकडे सोपवलेले असते. ते गाळले की आपल्या मनात नसलेला हुकमी सूर आपल्या वाक्याला चिकटतो. 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' याचा शब्दार्थ 'खिडकी उघडायला तुमची काही हरकत आहे का?' असा असल्याने होकार द्यायचा तर 'नो, नॉट ॲट ऑल' म्हणावे लागते. 'येस' म्हणून खिडकी उघडणारा माणूस तोंडाने हरकत घेतो आणि हाताने काम करतो.

मग ही घोकंपट्टीच झाली की!

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर घोकण्याच्या पद्धतीत आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले की, अर्थहीन अक्षरजोड्या पाठ केल्यावर तासाभरातच निम्म्याहून अधिक मेहनत वाया जाते आणि दिवसानंतर जेमतेम एक तृतीयांश शिल्लक राहते. त्यांनीच हेही दाखवले की एका बैठकीत पुष्कळ घोकण्यापेक्षा तीच उजळणी दिवसांच्या अंतराने केली तर कमी श्रमांत भागते. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर एक साधी युक्ती सांगितली: कार्डांची कप्पे असलेली पेटी करावी, जे कार्ड आठवले ते पुढच्या, उशिरा उघडायच्या कप्प्यात जाते आणि जे चुकले ते पहिल्या कप्प्यात परत येते. मोबाइलवरची बहुतेक शब्दांची ॲप्स आज याच तत्त्वाचे सुधारलेले रूप वापरतात.

दुसरी गोष्ट, वाचत राहण्यापेक्षा आठवून पाहणे जास्त उपयोगी पडते. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी संशोधकांच्या २००६ मधल्या प्रयोगात, पाच मिनिटांनी विचारले तेव्हा मजकूर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारले तेव्हा स्वतःची परीक्षा घेणारे पुढे गेले. म्हणून कार्डाच्या एका बाजूला 'बॅटरी – बॅटरी' असले काही लिहू नये. 'बॅटरी उतरली आहे' असा प्रसंग मराठीत लिहावा, आणि मागे 'द बॅटरी इज फ्लॅट' हा तुकडा अख्खा लिहावा.

व्याकरणाचे काय?

व्याकरण लागतेच, पण ते तुकड्यांमधून शिरते. 'हॅज ब्रोकन डाउन', 'हॅज रन आउट', 'हॅज ओव्हरहीटेड' अशी पाच-सहा वाक्ये जिभेवर बसली की, नुकत्याच घडलेल्या आणि अजून निस्तरायच्या गोष्टीसाठी 'हॅज' येते, हे नियम न सांगताही जाणवू लागते, आणि मग तो नियम वाचला तर पटतो.

भाषांतर करणारा फोन हातात असताना हे कशाला?

लेखी निरोप पाठवायचा असेल तर फोनचे भाषांतर जरूर वापरावे. त्यात कमीपणा नाही. अडचण उत्तर ऐकताना येते. समोरचा माणूस 'डिड इट स्टॉल, ऑर वोन्ट इट स्टार्ट?' असे झपाट्याने विचारतो, तेव्हा दोहोंतला फरक कानाला आधीच माहीत असावा लागतो. शिवाय उच्चाराचा भाग उरतोच. 'व्हॅन'मधला 'व्ह' उच्चारताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, तर 'विंडो'मधल्या 'व'ला ओठांचा नुसता चंबू होतो. मराठी लेखनात हा फरक आपण चांगला राखला आहे. पण 'व्हील', 'व्हाइट', 'व्हॉट' हे शब्द आपण स्पेलिंगमधला एच पाहून 'व्ह'ने लिहितो, आणि तिथे खरा इंग्रजी उच्चार 'विंडो'मधल्या 'व'चा आहे. दात टेकवून म्हटलेले 'व्हील' इंग्रजी कानाला वासराच्या मांसाचे नाव वाटते.

सराव कसा करावा

गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत जे जे घडते ते मनातल्या मनात इंग्रजीत सांगत जावे, ही मला माहीत असलेली सगळ्यात स्वस्त शिकवणी आहे. पट्टा बांधला, चावी फिरवली, गाडी मागे घेतली, सिग्नलला थांबलो, कोणी आडवा घुसला, पेट्रोल भरले, कोणाला तरी वाटेत सोडले: प्रत्येक वेळी वाक्य सुचते का पाहावे, आणि जे अडेल तेवढेच घरी येऊन शोधावे. आडवा घुसणाऱ्यासाठी 'कट इन' सापडेल, मागे घेण्यासाठी 'बॅक अप' किंवा 'रिव्हर्स', टाकी भरण्यासाठी 'फिल अप'. वस्तू समोर असते, क्रिया चालू असते, आणि तोच रस्ता उद्या पुन्हा येणार असल्यामुळे उजळणीचीही सोय होते. गाडी चालवता येत नसली तरी मागच्या आसनावरून हे जमते, फक्त मोठ्याने बोलू नये. मागे बसून चालवणाऱ्याला सतत सूचना देणाऱ्या माणसाला इंग्रजीत 'बॅकसीट ड्रायव्हर' म्हणतात, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत.